‘आधी कर्नल, मग यूजरलँड’ हे अर्धंच सांगतात

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टमच्या ११ वरून १२ या आवृत्तीवर सोर्समधून, म्हणजे सगळं स्वतः कंपाइल करून, जायचं म्हटलं की जो तो एकच मंत्र देतो: आधी नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) टाका, रीबूट करा, मग यूजरलँड (त्यावर चालणारे सिस्टमचे प्रोग्राम आणि लायब्रऱ्या). बरोबरच आहे. नव्या कर्नलवर जुने प्रोग्राम चालतात, उलट दिशेची हमी कुणी घेत नाही.

‘इन्स्टॉलकर्नल’पर्यंत, म्हणजे नवा कर्नल बसवेपर्यंत, सगळं निमूट पार पडलं. रीबूट केलं आणि लॉगिनऐवजी ‘बॅड सिस्टम कॉल’ (सिस्टम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी). दुरुस्तीसाठीच्या सिंगल यूजर मोडमध्ये गेलो तर आज्ञा घेणारा शेलसुद्धा तेच म्हणून मरतोय! शेलच नाही तर दुरुस्ती करायची कशाने?

तर भानगड अशी. १२ मध्ये आयनोड क्रमांक (फाइलसिस्टममध्ये प्रत्येक फाइलला असणारा आकडा) ३२ बिटांचे ६४ बिटांचे झाले. त्यामुळे फाइलची माहिती देणाऱ्या ‘स्टॅट’ची रचना बदलली आणि तिला नवा सिस्टम कॉल मिळाला. ११ चे प्रोग्राम अर्थातच जुना सिस्टम कॉल मागतात. तो कर्नलमध्ये जिवंत ठेवणारा पर्याय म्हणजे ‘कॉम्पॅट_फ्रीबीएसडी११’. १२ च्या जेनेरिक कॉन्फिगमध्ये (कर्नलच्या पर्यायांची सोबत येणारी मूळ यादी) तो असतो. पण आमच्याकडे चालत आलेली कॉन्फिग फाइल ११ च्या जेनेरिकची नक्कल करून छाटलेली. ११ मध्ये ११ साठीची सुसंगतता कशाला असेल? सोर्समधल्या ‘अपडेटिंग’ फाइलमध्ये याची सूचना आहे, नाही असं नाही, पण त्या लांबलचक यादीतल्या एका नोंदीत, तीही कंसात कारण देऊन. आणि बिल्ड? पर्याय नाही म्हणून एक इशारासुद्धा नाही. ज्याच्यावाचून मशीन उठत नाही, त्याबद्दल कंपाइल होताना एक ओळ छापायला काय जातं, हा राग अजून गेलेला नाही.

सुटका लोडरच्या (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूने केली. तिथे कर्नल बदलून ‘कर्नल.ओल्ड’, म्हणजे आधीच्या कर्नलची राखून ठेवलेली प्रत, निवडला, जुनी सिस्टम जशीच्या तशी उभी राहिली. यूजरलँडला अजून हात लागलेला नव्हता, म्हणून. मंत्रातल्या क्रमाची खरी किंमत इथे कळते. चालणाऱ्या कर्नलची वेगळ्या नावाने आणखी एक प्रत ठेवाच, कारण पुढच्या इन्स्टॉलला ‘ओल्ड’ बदलू शकतो.

कॉन्फिग मी नव्याने लिहिली: पहिल्या ओळीत जेनेरिक ‘इन्क्लूड’, खाली फक्त नको ते ‘नोऑप्शन्स’ आणि ‘नोडिव्हाइस’ने वगळलेलं. आता जेनेरिकमध्ये नवं काही आलं तर आपोआप येतं. त्यावरून कर्नल पुन्हा बांधून बसवला, रीबूट केलं, मग ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ने यूजरलँड बसवलं. त्याआधी सेटिंगच्या फाइली जुळवणारं एटसीअपडेट ‘पी’ पर्यायाने चालवायचं असतं, हे वरच सांगायला हवं होतं.

जुन्या लायब्रऱ्या काढणाऱ्या ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ची घाई मात्र करू नका. पोर्ट्समधले, म्हणजे मूळ सिस्टमबाहेरचे वेगळे बसवलेले, प्रोग्राम जुन्या लायब्रऱ्यांना जोडलेले असतात; ते सगळे नव्याने बसवल्यावरच त्या काढा. ते बसवणारं पीकेजीच चालेनासं झालं तर ‘पीकेजी-स्टॅटिक’ वापरा, त्याला लायब्रऱ्या लागत नाहीत. आणि झेडएफएस ही फाइलसिस्टम असेल तर तिचा पूल (डिस्कांचा साठा) अपग्रेड करायच्या आधी बूट लोडर नवा करा.

आवृत्ती सांगणाऱ्या ‘यूनेम’ या आज्ञेला मोठा के दिला की कर्नलचा आकडा येतो, मोठा यू दिला की यूजरलँडचा. दोन्ही १२ ने सुरू झालेले पाहिले, तेव्हा कुठे मी खुर्चीतून उठलो.