पितृपंधरवड्यात भंडारदरा

पंधरवड्यात कुणी फिरायला जातं का, हा आईचा पहिला प्रश्न आणि रूमचं भाडं किती, हा दुसरा. पहिल्याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं पण दुसऱ्याला होतं, पंधरवड्यात कुणी फिरायला जात नाही म्हणूनच रूम निम्म्या भावात मिळत होती, त्यामुळे दुसऱ्या उत्तरातच पहिलं मिटलं. तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची तिथ अष्टमीला मामाकडे होऊन गेली होती, आमटी-भात-वडे खाऊन आम्ही पुण्याला परत आलो होतो, आणि नंतर दोन दिवसांनी आम्ही दोघी गाडी काढून भंडारदऱ्याला.

भंडारदऱ्याला जायचे सीझन ठरलेले आहेत. मे संपताना काजवे, तेव्हा अंधार बघायला आलेल्या गाड्यांच्या हेडलाइटनेच सगळा उजेड. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे, तेव्हा घाटघरच्या रस्त्यावर धबधब्यापेक्षा जास्त वेळ पुढच्या गाडीचा नंबर बघायला मिळतो. दिवाळीनंतर काठावर तंबू, शेकोटी आणि कुणाचा तरी ब्लूटूथ स्पीकर. मधले हे तीनेक आठवडे, म्हणजे भाद्रपद संपत आलाय, पावसाने बॅग भरलीय पण अजून दारातच उभा आहे, हे कुणाच्याच यादीत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा होमस्टेवाल्या दादांनीसुद्धा आधी हेच विचारलं, "आत्ता काय बघायला आला तुम्ही?"

खरं सांगायचं तर मला बघायचं होतं ते पाणी. वाक्य जरा फिल्मी वाटेल पण तसं नाहीये.

माझं आजोळ श्रीरामपूरजवळ, प्रवरा कालव्यावर. त्या भागात 'भंडारदरा' हे गावाचं नाव नसतंच, ते पाण्याचं नाव आहे. "भंडारदरा सुटलं" म्हणजे पाटाला पाणी आलं, म्हणजे आम्हा पोरांना डुंबायला मिळणार आणि तात्या रात्री बॅटरी आणि फावडं घेऊन उसाला दारं धरायला जाणार. आवर्तन, चारी, पाटकरी, फॉर्म भरलाय का, आपला नंबर कधी येतो, हे शब्द मला पाढ्यांच्या आधी येत होते. आणि पावसाळ्यात पेपर आला की तात्या पहिलं पान सोडून आतलं काढायचे, तिथे एका कोपऱ्यात बारीक टायपात पाणलोटातला पाऊस मिलिमीटरमध्ये छापलेला असायचा, भंडारदरा इतका, घाटघर इतका, रतनवाडी, पांजरे, वाकी. ते हे आकडे मोठ्याने वाचायचे. घाटघर आणि पांजरे ही आपल्या सोयऱ्यांची गावं असणार अशी माझी बरेच दिवस समजूत होती, कारण इतक्या काळजीने माणूस दुसऱ्या कुणाची चौकशी करतो का? साधारण पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धरण भरल्याची बातमी यायची आणि त्या दिवशी तात्या चहात साखर जास्त घालून घ्यायचे. पण स्वतः कधी भंडारदऱ्याला गेले नाहीत. आईही नाही. दोनशे किलोमीटरच्या आतलं धरण, घरातला रोजचा शब्द, आणि तीन पिढ्यांत बघितलेलं कुणी नाही.

तर पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले. अकोल्यापर्यंत आईला सगळं ओळखीचं, कांदा, टोमॅटो, मधूनच ऊस, त्यामुळे तिची कॉमेंट्री चालू, "हा कांदा उशिरा लावलाय," "ह्याचा ऊस बघ कसा पिवळा पडलाय." राजूरला पेढे घेतले (राजूरला थांबून पेढे न घेणारा माणूस मला भेटायचाय) आणि तिथून पुढे ती एकदम गप्प झाली, कारण भात लागलं. दोन्ही बाजूंना खाचरं, भात पोटरीत आलेलं, कुठे निसवलेलं, बांधावर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा, मागे डोंगर अजून ओले आणि काळे. हा पण आपलाच जिल्हा? हो, आपलाच. नगरचं आता अहिल्यानगर झालं तरी हा विचित्रपणा काही बदलला नाही, एका टोकाला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस आणि दुसऱ्या टोकाला घाटघरला झड लागली की तेवढा दोन-तीन दिवसांत पडून मोकळा.

धरणाची भिंत दगडी आहे, १९२६ ला पुरी झाली, नाव विल्सन डॅम आणि मागच्या तलावाचं नाव आर्थर लेक. दोन्ही साहेब गेले, आणि ही नावं आता फक्त हॉटेलांच्या बोर्डावर आणि गुगल मॅपवर उरलीत. भिंतीच्या पायथ्याशी तो फेमस अंब्रेला धबधबा. तो म्हणजे धरणाच्या व्हॉल्वमधून सोडलेलं पाणी गोल खडकावरून छत्रीसारखं पसरून पडतं तो. आम्ही गेलो तेव्हा व्हॉल्व बंद. नुसता खडक, ओला, एका कडेने चार धारा. मी म्हणाले अगं इथे धबधबा असतो. आईने वर व्हॉल्वकडे बघितलं, खाली खडकाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग नळ म्हण की."

पण भिंतीच्या मागे गेल्यावर तिचंही बोलणं थांबलं. तलाव काठोकाठ होता. मी आधी तलाव बरेच बघितलेत, पण ते बहुतेक हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्यात, तेव्हा पाणी आणि झाडं यांच्यामध्ये तो लाल मातीचा उघडा पट्टा असतो ना, बादलीला आतून पडलेल्या डागासारखा, तो. इथे तो पट्टाच नव्हता. गवत थेट पाण्यात उतरलेलं. पाऊस संपला, आवक जवळजवळ थांबली, आणि अजून खर्च सुरू झालेला नाही, म्हणजे पगाराच्या दिवशीचं पासबुक. एक तारखेला दुपारी बॅलन्स बघून जसं माणसाला उगाच श्रीमंत वाटतं तसं ते पाणी पडून होतं. अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट, हा आकडा पेपरात वाचून वाचून पाठ आहे, पण दशलक्ष घनफूट दिसतं कसं ते पहिल्यांदा कळलं, आणि ते दिसतं एकदम निवांत.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या कडेकडेने रतनवाडी. ह्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, ढग रतनगडाच्या खुट्टा नावाच्या सुळक्याला अडकलेले, फोटो काढायला शंभर वेळा थांबलो, एकही चांगला आला नाही. अमृतेश्वराचं देऊळ मात्र निवांत बघायला मिळालं, गर्दी म्हणजे आम्ही, एक गुरव आणि एक शेळी. बाहेरच्या भिंतीवर इतकं कोरीव काम की कुठून बघायला सुरुवात करावी कळत नाही. आईने नेहमीप्रमाणे कोरीव कामाला दोन मिनिटं आणि पुष्करणीच्या पायरीवर बसायला अर्धा तास दिला. परत येताना रस्त्यालगत एक ओढा लागला, चार ढांगांत ओलांडता येईल एवढा, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. ही प्रवरा, मी म्हणाले, वर रतनगडावर उगम आहे तिचा.

"ही?" आई म्हणाली. "आमच्याकडे नदी म्हणजे वाळू."

रात्री होमस्टेला जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. दादा म्हणाले पंधरवडा पाळता म्हणजे आमची एक कोंबडी वाचली. मग आईने त्यांना आपलं गाव कुठलं ते सांगितलं, पाट, ऊस, तात्या, सगळं, आणि तिला वाटलं असणार की आता ते म्हणतील अरे वा, म्हणजे आपण एकाच पाण्याचे. दादा हसले. म्हणाले, "म्हणजे मावशी, हे पाणी तुमच्याकडं जातं. आम्ही नुसती राखण करतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, जसं कुणी म्हणावं की हा रस्ता नाशिकला जातो. "चैतात या एकदा. माझी बायको हंडा घेऊन कुठवर जाते ते दाखवतो. तळं खाली, आम्ही वर. पाणी काय चढत नाही." आई काहीतरी बोलणार होती, पण तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्यात बुडवला. नंतर अंथरुणावर पडल्यावर एवढंच म्हणाली, तात्या तर कायम म्हणायचे की टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही, हेडवाल्यांची मजा आहे. तिच्या डोक्यात हेड म्हणजे ओझरच्या बंधाऱ्यापाशी जिथे कालवे सुटतात ते. त्याच्याही वर कुणी राहत असेल असा विचार आमच्या घरात कधी झालाच नसावा. आणि खालचे तरी कुठे संपतात, आमच्याही खाली जायकवाडी आहे. पण मामासमोर जायकवाडी हा शब्द काढायचा नाही असा घरात नियम आहे, समन्यायी वाटप, म्हणजे टंचाईत वरच्या धरणांनी खाली जायकवाडीला पाणी सोडायचं, म्हटलं की त्याचं बीपी वाढतं.

सकाळी निघायच्या आधी परत भिंतीपाशी गेलो. ऊन आलेलं, पाण्यावर वाफ, लांबवर एक होडी, आणि भजीच्या टपरीवाल्याचा स्टोव्ह अजून पेटायचा होता. रेंज आल्यावर आईने मामाला फोन लावला. मला वाटलं आता वर्णन सुरू होणार, सोनकी, देऊळ, ढग. मामाने ते काही विचारलंच नाही. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं.

"किती आहे पाणी?"

"काठोकाठ."

"बघितलं का तू स्वतः?"

"पुढ्यात उभी आहे अरे."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही, नुसता पंप चालू असल्याचा आवाज. मग मामा म्हणाला, "फोटो पाठव. तुमचा नको. भिंतीचा पाठव, पाणी कुठपर्यंत टेकलंय ते दिसेल असा."