अर्धी चिमणी डावीकडे, अर्धी उजवीकडे

आमच्या घरात वस्तू बदलायचा एकच कायदा आहे: आधीची बंद पडली पाहिजे. मिक्सर जळला, नवा आणला. फ्रिजने गार करायचं सोडलं, नवा आणला. सोफ्याची स्प्रिंग टोचायला लागून कैक वर्षं झाली, पण तो ‘बंद पडला’ असं काही सिद्ध करता येत नाही, म्हणून अजून हॉलमध्ये ठाण मांडून आहे. या कायद्यात दुर्बिणीची पंचाईत होते. चांगली दुर्बीण बंद पडतच नाही. तिला बॅटरी नाही, चार्जर नाही, ‘अपडेट करा’ म्हणून ती मागे लागत नाही. गळ्यात अडकवा, डोळ्याला लावा, चक्री फिरवा, संपलं.

माझ्याकडे निकॉनची मोनार्क ७ आहे, आठ बाय बेचाळीस. मुंबईत नॅशनल पार्कच्या पायवाटांवर, भांडुपच्या पंपिंग स्टेशनला, शिवडीच्या जेट्टीवर पक्षी बघायला जाते तेव्हा ती माझ्याबरोबर असते. २०२१ साली कंपनीने तिची पुढची आवृत्ती काढली, मोनार्क एम७. नावात एक अक्षर वाढलं आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला. २०२१चं मॉडेल नवीन कसलं, असं कुणी म्हणेल. पण माझ्या गळ्यात जोवर जुनं आहे, तोवर ते नवीनच. मधल्या काळात मुलीचं कॉलेज संपलं, घराला रंग लागला, शिवडीहून थेट न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू बांधून झाला आणि २०२४च्या जानेवारीत सुरूही झाला. माझं अजून ‘बघू’ चाललंय.

आठ बाय बेचाळीस म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ आल्यासारखा दिसतो, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका मागच्या भिंगातून बाहेर पडतो. नव्या मॉडेलमध्येही हे गणित तेच. आणि पन्नाशीनंतर आपली बाहुली अंधारातही जेमतेम पाचेक मिलिमीटर उघडते, भर उन्हात तर दोन-तीनच. म्हणजे यापेक्षा मोठा ठिपका कुणी देऊ केला तरी तो ठेवायला माझ्या डोळ्यात जागा नाही.

मग नवीन आहे काय? मुख्य म्हणजे चित्र जरा रुंद झालंय. हजार मीटरवर जुनीतून १४० मीटरचा पट्टा दिसायचा, नवीतून १४५ दिसतो. आता हजार मीटरवरचा पक्षी कोण बघतं? तेवढ्या अंतरावर मला बीएमसीचं होर्डिंगही वाचता येत नाही. म्हणून मी एका रविवारी वहीत माझ्या पद्धतीने हिशेब मांडला. तीस मीटरवरच्या झाडाकडे बघतेय असं धरलं, तर जुनीतून ४ मीटर २० सेंटीमीटर दिसतं, नवीतून ४ मीटर ३५. फरक पंधरा सेंटीमीटर. पंधरा सेंटीमीटर म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत बरोबर एक चिमणी. पण चित्र गोल असतं, वाढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. म्हणजे अर्धी चिमणी डावीकडे, अर्धी उजवीकडे. आणि नव्या दुर्बिणीचं वजन जुनीपेक्षा वीस ग्रॅम जास्त, ६५०चं ६७०. हेही साधारण चिमणीएवढंच, थोडं कमी. हिशेब कसा चोख: एक चिमणी जास्त दिसणार, एक चिमणी जास्त वागवायची.

हे मी नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, “अगं, पण चिमणी बघायला तुला दुर्बीण लागते कशाला?”

त्याला सोडून द्या. कागदावरच्या हिशेबाने माझंही समाधान होईना, म्हणून एका शनिवारी फोर्टात गेले. बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानदाराने काचेच्या कपाटातून एम७ काढून हातात दिली आणि वर म्हणाला, “आतमध्ये काय कळणार मॅडम? बाहेर जाऊन बघा.” एवढी महागाची वस्तू घेऊन गिऱ्हाइकाला रस्त्यावर सोडणारा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. अर्थात त्याचा पोऱ्या माझ्यामागे दोन पावलांवर होताच.

सीएसएमटीसमोर दुर्बीण लावून उभं राहणं ही काही साधी गोष्ट नाही. एका गळ्यात दोन दुर्बिणी असल्या की अजूनच नाही. हवालदार आला, त्याने विचारलं, मी घार दाखवली, त्याला घार बघायची नव्हती, पण त्याने बघितली. “डोळा लय जवळ दिसतो हो,” म्हणाला आणि गेला. मग मी कामाला लागले. स्टेशनच्या घुमटावर एक पुतळा आहे, प्रगतीचा. वर उंचावलेल्या उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. दुर्बीण तपासायची तर अशी रेखीव गोष्ट आधी चित्राच्या मधोमध घ्यायची, मग हळूहळू कडेला सरकवायची आणि ती कुठे पुसट होते ते बघायचं. मधोमध असताना दोन्हींत मशालीची ज्वाळा तेवढीच स्वच्छ दिसली. मी आलटून पालटून बघितलं, तरी सांगता येईना कुठली कुठली. कडेला नेल्यावर दोन्हींत थोडी मवाळ झाली, तशी ती बहुतेक दुर्बिणींत होतेच. नवीत चित्र मोकळं वाटलं, हे मात्र खरं. खिडकीचा एक पडदा थोडा सरकवल्यासारखं. पण मी पक्षी बघते तेव्हा तो मध्ये असतो. कडेला पानं असतात.

अर्थात याचं उत्तर लगेच आलं असतं, आणि आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या एका मित्राने ते दिलंच: कडेला पानं असतात आणि पानांत पक्षी हलतो, तो तुला दिसत नाही म्हणून तू त्याला मध्ये घेत नाहीस. मुद्दा बिनतोड आहे. नॅशनल पार्कात शिलोंड्याच्या वाटेवर हिवाळ्यात पर्णवटवटे येतात, करंगळीएवढे, हिरवट, एका जागी न ठरायची आण घेतलेले. दहा मीटरवर त्यांचा पाठलाग करताना पाच सेंटीमीटर जास्त मिळाले तर कुणाला नको आहेत? पण तो पक्षी मला ओळखू येतो तो आवाजावरून. पंखावरची ती फिकट रेघ आहे की नाही, यावर आमच्यात आजवर झालेल्या सगळ्या वादांचा निकाल शेवटी त्याच्या ‘च्वीट’वरच लागलेला आहे, आणि ते ऐकायला दुर्बीण खाली ठेवावी लागते.

खरं सांगायचं तर दुर्बीण ही फार सावकाश बदलणारी चीज आहे. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने उलटं चित्र सुलट करणाऱ्या लोलकांच्या जोडीचं पेटंट १८५४ साली घेतलं. तीच मांडणी आजही स्वस्त, खांदे रुंद असलेल्या दुर्बिणींत असते. सरळ नळ्यांच्या दुर्बिणींत लोलक वेगळे. त्यांच्यात रंगांची आणि रेषांची जी किंचित नासाडी व्हायची, ती थांबवणारा थर झाइसने १९८८ साली आणला. त्यानंतरची बरीचशी प्रगती ही भिंगांवर दिलेल्या थरांची आहे. वरच्या टोकाला काय चाललंय, त्याची मी फक्त चौकशी करते. स्वारोव्स्कीने २०२०मध्ये एनएल प्युअर काढली, तिच्या आठ बाय बेचाळीसमध्ये हजार मीटरवर १५९ मीटर दिसतात. २०२४मध्ये त्यांनी पक्ष्याचं नाव आतच लिहून दाखवणारी दुर्बीण आणली. तिची किंमत लाखांत आहे, म्हणून तिच्यावरचं माझं मत राखून ठेवते. एवढंच म्हणेन, की नाव दुर्बीणच सांगायला लागली तर ग्रुपमध्ये भांडायचं कशावरून?

मुंबईत दुर्बिणीचा खरा शत्रू जुनेपणा नाही, पावसाळा आहे. माझी पहिली दुर्बीण, नाव घेत नाही, साधी होती. आत हवा शिरायला वाव होता. एका जुलैत ती कपाटात कपड्यांमागे राहिली आणि गणपतीत काढून उजेडात धरली, तर आतल्या लोलकावर बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, अगदी बारीक तंतू, एका कोपऱ्यातून निघून मध्याकडे फांद्या फुटत गेलेले. बाहेरून पुसता येत नाही, आत हात पोचत नाही. सुंदर दिसत होते, हे कबूल केलं पाहिजे. आताची मोनार्क आतून नायट्रोजन भरून हवाबंद केलेली आहे, त्यामुळे माझ्या कायद्यानुसार ती बंद पडायची उरलीसुरली आशाही गेली. तरी मी जूनमध्ये तिला झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. त्या डब्यावर ‘चकली’ असं लिहिलेलं आहे, डबा मूळचा चकलीचाच. पाहुण्यांनी दोनदा उघडलाय.

आणि हजारो रुपये मोजून पक्षी जवळ आणायचा, तर तो फुकटात जवळ आणायची सोय मुंबईत आहे. तिचं नाव भरती. शिवडीला किंवा ठाण्याच्या खाडीला ओहोटीच्या वेळी गेलात, तर रोहित पक्षी चिखलात पार आतपर्यंत पांगलेले असतात. उन्हं चढली की चिखलावरून हवा थरथरायला लागते आणि त्या थरथरत्या हवेत दहापट काय, वीसपट दुर्बीण लावली तरी तुम्हाला वीसपट मोठी थरथर दिसते. तिथे काच हतबल. तेच भरतीच्या वेळेच्या दोन-तीन तास अलीकडे-पलीकडे जा. पाणी चिखल गिळत येतं आणि पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं. तीनशे मीटरवरचे रोहित सत्तर-ऐंशी मीटरवर येतात. चोच गर्द, काळसर लाल म्हणजे छोटा रोहित. फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं म्हणजे मोठा, हे साध्या दुर्बिणीतूनही कळतं. वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. कोकणातला ठोकताळा आहे: तिथीचा आकडा घ्या, तिनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. संकष्टीला तीनच्या सुमारास भरती. मिनिटांचा हिशेब त्यात नाही, पण रोहितही घड्याळ बांधून येत नाहीत.

एवढं सगळं म्हटल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण नव्या मॉडेलमध्ये एक बारीकशी सोय आहे, आणि खरा जीव तिच्यात अडकलाय. दुर्बिणीच्या उजव्या डोळ्यापाशी एक कडं असतं. आपल्या दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असतो, तो या कड्याने जुळवून घ्यायचा. एकदा जुळवलं की पुन्हा हात लावायचं काम नाही. माझ्या दुर्बिणीत हे कडं मोकळं फिरतं. नवीत त्याला लॉक आहे.

आता हे लॉक कुणाला क्षुल्लक वाटेल. त्याने आमच्याबरोबर एकदा फिरायला यावं. नवऱ्याला पक्ष्यांचं वेड नाही, पण माझ्याबरोबर येतो, चहाचा थर्मास धरतो आणि मी “हळद्या! हळद्या!” म्हणून पुटपुटले की “बघू, दे इकडे” म्हणतो. मी पट्ट्यासकट मान वाकवून दुर्बीण देते. तो आधी त्याच्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे नळ्या फाकवतो. मग भिंगावर माझ्या पापण्यांचं काजळ लागलेलं असतं ते शर्टाच्या टोकाने पुसतो. लाख वेळा सांगितलंय, शर्टाने पुसू नकोस. मग त्याला धूसर दिसतं, म्हणून फोकसची चक्री सोडून ते कडं फिरवतो. कारण ते बोटाखाली येतं. तोवर हळद्या उडून गेलेला असतो. “काही नाही दिसत यातून,” असं म्हणून तो दुर्बीण परत देतो. पुढचा शिक्रा येतो तेव्हा मला उजव्या डोळ्याने धुकं दिसतं. मी कडं जुळवेपर्यंत शिक्राही जातो.

म्हणजे लॉक हवंच. त्यासाठी नवी घ्यायला हवी, माझं जवळजवळ ठरलं होतं. परवा रात्री जेवताना मी त्याला तसं सांगूनही टाकलं. त्याने भाताचा घास थांबवून विचारलं, “आणि मग जुनीचं काय करणार?”

“तुला देईन. तुझी तुला.”

“मग तुझ्या दुर्बिणीला मी हात कशाला लावेन?”

मी गप्प बसले. आमटी वाढून घेतली.

“म्हणजे मग त्या लॉकचा उपयोग काय?” त्याने शांतपणे विचारलं. तो बँकेत ऑडिटला आहे, असे प्रश्न विचारायचा त्याला पगार मिळतो. थोड्या वेळाने मलाच धीर द्यावा तसं म्हणाला, “त्यापेक्षा हिच्यासारखीच अजून एक घेऊ ना. जुनं मॉडेल, स्वस्त पडेल. एक तुला, एक मला.”

“ते बनवायचं बंद केलंय.”

“का? चांगलं होतं की.”

“नवीन आलं म्हणून.”