हुजूर की दरोडेखोर?

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीचं आपल्या मराठी पेपरांनी केलेलं बारसं मला फार आवडतं. 'हुजूर पक्ष'! आणि लेबर म्हणजे 'मजूर पक्ष'. काय यमक आहे राव, वाचलं की कडक इस्त्रीतले साहेब डोळ्यांसमोर उभेच राहतात. पण याच हुजुरांचं रोजच्या बोलण्यातलं नाव, टोरी, ते मूळचं आयरिश आणि त्याचा अर्थ चक्क दरोडेखोर.

आयरिशमधे 'तोर' म्हणजे पाठलाग, त्यावरून 'तोरी' म्हणजे मागावर असणारा, आणि पुढे वाटमारी करणारा. 17व्या शतकात इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने आयर्लंड चिरडलं, कॅथलिकांच्या जमिनी काढून आपल्या सैनिकांना आणि लढाईला पैसे पुरवणाऱ्यांना वाटल्या, मग घरदार गेलेल्यांपैकी काही जण रानात शिरले आणि नव्या मालकांना लुटायला लागले. सरकारच्या लेखी पुंड, गावकऱ्यांच्या लेखी बरेचदा आपलाच माणूस. 1657 मधे तर लंडनच्या संसदेत एका मेजरने सांगितलं की आयर्लंडमधे आम्हाला तीन जनावरं संपवायची आहेत, लांडगा, पाद्री आणि टोरी. तिघांच्याही डोक्यावर इनाम, काय ती रांग! उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टरकडचा रेडमंड ओ'हॅनलन हा त्यातला सगळ्यात गाजलेला, सरकारी फौजेला वर्षानुवर्षं सापडला नाही आणि 1681 मधे झोपेत असताना गोळी घातली ती त्याच्याच दूधभावाने, इनामासाठी.

तेव्हाच तिकडे लंडनमधे वाद पेटलेला, प्रोटेस्टंट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यामागे त्याच्या कॅथलिक भावाला, जेम्सला, गादी द्यायची का नाही. द्या म्हणणाऱ्यांना विरोधक म्हणाले, तुम्ही तर आयरिश दरोडेखोर, टोरी! यांनीही उसनं ठेवलं नाही, समोरच्यांना 'व्हिग' म्हणाले, ती स्कॉटलंडच्या बंडखोरांवरून आलेली शिवी. आणि मजा म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापली शिवी पुढे नाव म्हणून मिरवली, नळावरच्या भांडणातून दोन राष्ट्रीय पक्षांची नावं निघावीत तसला प्रकार!

व्हिग पुढे लिबरल पक्षात विरघळले. टोरींनीही 1834 च्या सुमाराला 'कॉन्झर्व्हेटिव्ह' असं सोज्वळ नाव घेतलं, पण ते एवढं लांबलचक की मथळ्यात बसवताना उपसंपादकाचा जीव जातो, त्यामुळे टोरी काही सुटलं नाही.