नानांच्या झडपेचे माप

माझ्या वडिलांचे, नानांचे वय 79. गेल्या पावसाळ्यात अंबाजोगाईच्या आमच्या घराचा जिना चढताना त्यांना दोनदा भोवळ आली आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीची झडप फारच अरुंद झाल्याचे निघाले. झडपेचे छिद्र जेमतेम 0.7 चौरस सेंटिमीटर उरले होते. 1 च्या खाली गेले की आजार गंभीर धरतात. छाती न उघडता, मांडीतल्या धमनीतून नवी झडप बसवण्याचा, म्हणजे टावीचा सल्ला मिळाला. त्याआधी सीटी स्कॅन करून आणा, एवढेच चिठ्ठीवर लिहिले होते.

तो आम्ही जवळच्याच एका केंद्रात करून घेतला आणि फिल्मचे पाकीट घेऊन केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असे करत छत्रपती संभाजीनगर गाठले. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूलाच ठेवली. स्कॅन ईसीजीशी जोडून केलेला नव्हता. त्यामुळे धडधडत्या हृदयाचे चित्र नेमके झडपेपाशी पुसट आले होते, शिवाय तो मांडीपर्यंत घेतलेलाच नव्हता. चिठ्ठीत दोन शब्द जास्त लिहिले असते तर नानांना स्कॅनसाठी शिरेतून देतात तो डाय दुसऱ्यांदा घ्यावा लागला नसता, हा राग माझ्या मनात अजून आहे. पहिल्या डायनंतर मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन 1.2 वरून 1.5 वर गेले होते, म्हणून ते उतरेपर्यंत दोन आठवडे थांबावे लागले.

दुसऱ्या वेळी हिरवी सुई कोपराच्या शिरेत लावली, छातीचे केस काढून ईसीजीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि हात डोक्यामागे घ्यायला सांगितले. श्वास रोखण्याची सूचना यंत्रातून हिंदीत येते आणि नानांना कमी ऐकू येते, हे मी आधीच सांगितल्यामुळे तंत्रज्ञाने त्यांच्याकडून चार वेळा सराव करून घेतला. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "तापल्या पत्र्यावर बसवल्यागत झालं रे, वाटलं लघवीच झाली." डाय अंगात जाताना असे वाटते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, मीही विसरलो होतो.

पुढे डॉक्टरांनी मला संगणकासमोर बसवून मापे दाखवली. झडपेचे कडे गोल नसून लंबगोल होते, 26 बाय 21 मिलिमीटर. इकोत फक्त 21 दिसले होते, कारण तिथे एकाच बाजूने मोजतात. त्यावरून झडप निवडली असती तर ती लहान पडून कडेने रक्त गळत राहिले असते. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी हे कडे सर्वांत मोठे असते, म्हणून माप तेव्हाचे घेतात आणि त्यासाठीच ईसीजीची जोड लागते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीचे तोंड कड्यापासून 13 मिलिमीटर वर होते. ते फार खाली असते तर जुन्या झडपेची पाकळी त्यावर दाबली जाण्याची भीती होती. डाव्या मांडीकडची वाट वाकडी, चुन्याने भरलेली आणि जेमतेम 5 मिलिमीटरची निघाली, उजवी मात्र 6.8 ची आणि सरळ.

मी हे सगळे नानांना समजावले. ते म्हणाले, "जन्मभर धोतर नेसलं, कमरेचं माप कधी दिलं नाही, अन् हितं काळजाचं घेतलं." मग त्यांनी उजव्या मांडीवर हात ठेवून विचारले, "म्हणजे हिकडूनच ना?"