न उघडलेला डबा

"मॅडम, म्हणजे त्यानं डबा खाल्लाच नाही?"

नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीआधीचा तास. फळ्यावर मी लिहिलं होतं: हिरोशिमा, ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. मग तिथल्या संग्रहालयातल्या एका डब्याचा फोटो दाखवला. आतला भात जळून कोळसा झालेला. डबा त्यांच्याच वयाच्या एका मुलाचा. त्या दिवशी हजारो शाळकरी मुलं शहरात घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला जुंपली होती, आग पसरू नये म्हणून. तीन दिवसांनी आईला त्याचा देह सापडला. डबा पोटाशी धरलेला.

मृतांचे आकडे सांगितले तेव्हा पोरं वहीत लिहून घेत होती. डब्यावर मात्र पेनं थांबली.

"आईनं काय दिलं होतं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

भात आणि बटाट्याचा कीस, मी म्हटलं. पुढं बोलवेना.

घंटा झाली. एरवी घंटेआधीच डब्यांची झाकणं वाजतात. आज कुणी हललं नाही. ज्यानं पहिला प्रश्न विचारला, तो डब्यावर हात ठेवून बसून होता.

परीक्षेत विचारतात, अणुबॉम्ब कोणत्या शहरांवर टाकले? एक गुण.

त्या मुलाच्या प्रश्नाला किती गुण द्यायचे?