रूप बदलणाऱ्या मुलाच्या हातात कोणतं वाद्य द्यावं?

तुम्ही लिहीत असलेल्या गोष्टीतलं मूल कधी मुलगा, कधी मुलगी असं रूप बदलत असेल, तर त्याचा आवाजही बदलणारच. स्वरतंतू लांब आणि जाड झाले की पट्टी उतरते. वयात येताना मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा तो साधारण एक सप्तक, म्हणजे सात स्वरांइतका, खाली जातो. म्हणून या मुलाला 'सा' कधी 'काळी पाच'ला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला, तर कधी 'काळी एक'ला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला, लावू द्या. आपल्या संगीतात सा कुठेही धरता येतो, आणि आपण मुलगा की मुलगी हे न उमगलेल्या जिवाला हा केवढा आधार! बासरी मात्र नको. बोटं अचानक बारीक झाली की भोकं नीट झाकली जात नाहीत, हवा निसटते, स्वर फाटतो. पेटी द्या. रूप पालटताना भात्यावरचा हात थबकतो आणि सूर विरत जातो, तो प्रसंग सविस्तर लिहा. नव्या आवाजात लगेच तार सप्तक, म्हणजे वरचे उंच स्वर, गायला लावू नका. आधी मधल्या, म्हणजे मध्य सप्तकातच सरगम घोळू द्या.