श्वासाची लय आणि रक्तदाबाचा लगाम

श्वसन आणि रक्ताभिसरण ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणूनच मी शिकलो. त्यामुळे या दोहोंवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या तळाशी मेरुरज्जूला जोडलेल्या भागात, एकमेकींना खेटून, काही ठिकाणी तर मिसळूनच असतात, हे फार उशिरा वाचनात आले तेव्हा मला नवल वाटले.

हृदय स्वतःचे ठोके स्वतःच निर्माण करते. श्वासपटलाला ती सोय नाही. त्याला प्रत्येक श्वासासाठी वरून आज्ञा लागते, आणि ही लय प्री-ब्योत्झिंगर संकुल नावाच्या लहानशा पेशीसमूहात जन्म घेते. १९९१ साली स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या मस्तिष्कपुच्छाचा पातळ काप शरीराबाहेर जिवंत ठेवला, तेव्हा फुप्फुसांशी काहीही संबंध उरला नसतानाही त्या कापातून श्वासासारखे लयबद्ध संदेश निघत राहिले. (ब्योत्झिंगर हे नाव कोणा शास्त्रज्ञाचे नसून एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून घेतलेले आहे.) या लयीला वेग द्यायचा की नाही, हे शेजारच्या पेशी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणाऱ्या आम्लतेवरून ठरवतात.

रक्तदाबाची व्यवस्था याच पट्ट्यात आहे. मस्तिष्कपुच्छाच्या वरच्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूला असलेल्या काही पेशी मेरुरज्जूमार्गे सिंपथेटिक चेतांना (रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या चेतांना) सतत उत्तेजित ठेवतात, म्हणूनच रक्तवाहिन्या कायम थोड्या आकुंचित असतात. दाब वाढला की मानेतील आणि महारोहिणीतील संवेदक ताणले जातात, त्यांचा संदेश मस्तिष्कपुच्छात पोहोचतो आणि मधल्या पेशी या उत्तेजनाला लगाम घालतात. आपण झटकन उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे ओसरते, दाब उतरू लागतो आणि हाच लगाम काही क्षणांत सैल सोडला जातो.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते या दोन जाळ्यांमधील संभाषण. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतल्यास नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, कारण श्वास आत घेताना हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस चेतेच्या पेशी दबतात. सिंपथेटिक संदेशांतही श्वासाशी जुळलेली भरती-ओहोटी असते. उच्च रक्तदाबाकडे जन्मतःच कल असलेल्या उंदरांच्या एका वाणात ही भरती दाब चढण्याच्या आधीपासूनच वाढलेली आढळली आहे. माणसाच्या उच्च रक्तदाबाविषयी तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते, पण दाबाचे मूळ शोधताना श्वासाच्या पेशींकडेही पाहावे लागेल, एवढे मात्र त्यातून निश्चित दिसते.